धनुष्याच्या पाठीवरचा हात

आमच्या घरात पाऊल टाकलं की आधी सरसाचा वास नाकात शिरायचा. माशाच्या पोटातल्या फुग्यापासून केलेला, लाकूड-शिंग चिकटवायचा सरस, मंद आचेवर दिवसभर शिजणारा. लग्न होऊन पेकिंगच्या या गल्लीत आले त्या दिवशी मी नाकाला बाही लावली, तर सासूबाई म्हणाल्या, "लाव, लाव. वर्षभरानं हा वास नसला तर झोप येणार नाही." म्हातारी खरं बोलली.

आमचे हे, तुंग युशान, धनुष्यं करणाऱ्या घराण्यातले. बादशहाची फौज होती तेव्हा अख्खी गल्ली त्यावर जगली. मी आले तेव्हा बादशाही जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता धनुष्य लागायचं ते हौसेनं नेम धरणाऱ्या चार म्हाताऱ्यांना आणि उंट घेऊन येणाऱ्या मंगोलांना. ह्यांना त्याचं सुखदुःख नाही. बांबूची पट्टी हातात आली की घराला आग लागली तरी उठायचे नाहीत. जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा.

मग ह्यांचा उजवा हात कापायला लागला. आधी वाटीतली पेज सांडायची, मग हत्यार निसटायला लागलं. बांबू तासणं, शिंग चिकटवणं कसंबसं निभायचं, पण पाठीचं काम जमेना. बैलाच्या पायातल्या शिरा वाळवून, कुटून तंतू काढायचे, सरसात भिजवून धनुष्याच्या पाठीवर बसवायचे आणि हाडाच्या फणीनं सरळ विंचरायचे. एक तंतू तिरका गेला तरी ओढताना पाठ तिथंच सोलते.

ते काम मी करायला लागले. दाराला कडी लावून, कारण आमच्या गल्लीत बाईनं सरसाच्या भांड्याला हात लावायचा नाही. लावला तर धनुष्य ऐन वेळी मोडतं म्हणे. मी स्टुलावर, हे मागे उभे.

"डावीकडे दाब. अगं, पोराचं टाळकं विंचरतेयस का?"

"मग घ्या, तुम्ही करा."

"मला करता आलं असतं तर तुझी बोलणी कशाला खाल्ली असती?"

अशी सहा वर्षं गेली. एकही धनुष्य मोडलं नाही. पोसाहेब, म्हणजे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, दर खेपेला ह्यांच्या हाताचं कौतुक करायचे. गावातले बाकीचे हौशी त्यांच्याच शब्दावर आमच्याकडे यायचे. त्यांना कळलं की दुकानाला कुलूप, हे आम्हा दोघांना पक्कं ठाऊक होतं.

एका उन्हाळ्यात फेंग नावाचा फोटोवाला आला. जुने धंदे बुडायच्या आत त्यांचे फोटो काढून ठेवायचे, असं त्याच्या डोक्यात होतं. लाकडी पेटी तीन पायांवर उभी करून त्यानं अंगण अडवलं. आणि नेमके त्याच दिवशी पोसाहेब आपलं नवं धनुष्य कुठवर आलंय ते बघायला आले. चहा घेऊन समोरच बसले.

पाठीच्या कामाची वेळ आली. "मी सांगेपर्यंत हलायचं नाही, मास्तर," फेंग म्हणाला. ह्यांनी फणी धरली. फेंगनं पेटीतली फोटो उमटायची काच काढली, बदलली, मान हलवली.

"हात हलला. परत एकदा."

परत तेच. पोसाहेब हसले. "तुंग, एवढ्या उकाड्यात थंडी वाजतेय की काय?"

मी दाराआड उभी होते. मनात म्हणत होते, अहो, सांगा ना, आज सरस बिघडलाय, उद्या या. एवढंच तर सांगायचं होतं.

ह्यांनी फणी खाली ठेवली आणि उठले.

"शिउझेन, ये. बस इथं."

परक्यांसमोर ह्यांनी मला नावानं हाक मारली नव्हती कधी. मी दाराआडून उंबऱ्यापर्यंत आले.

"फेंग, हे काम सहा वर्षं हीच करते," हे म्हणाले. "फोटो काढायचा तर खऱ्या हातांचा काढ."

पोसाहेबांनी पेला खाली ठेवला. "आणि माझ्या घरी टांगलंय ते?"

"तेही हिचंच. त्याच्यावरच तुम्ही पैज जिंकलात."

पोसाहेब उठले. दाराबाहेर पडले. चहा तसाच राहिला. मी स्टुलावर बसले, तंतू बसवले, फणी फिरवली, थांबवली. माझा हात हलला नाही. फेंगला एका काचेत फोटो मिळाला.

पुढं व्हायचं तेच झालं. पोसाहेबांनी नवं धनुष्य नको म्हणून निरोप धाडला, बाकीचेही फिरकेनासे झाले. मंगोल मात्र येत राहिले. त्यांच्या बायका उंट हाकतात, तंबू ठोकतात. त्यांना बाईच्या हाताचं काय वावडं? त्यांच्या जिवावर आम्ही ज्वारीची पेज पिऊन तो हिवाळा काढला. हे मधूनमधून चिमण्या मारायच्या गलोली विकायचे. एवढा मोठा कारागीर, आणि गलोली. मला बघवत नसे.

थंडी सरल्यावर फेंग फोटो घेऊन आला. मी उजेडात धरून बघितला. मी, फणी, धनुष्य. मागं भिंत.

मला राग आला. "अहो, तुम्ही कुठायत? जन्म घातलात या धंद्यात, आणि फोटोत तुमचा कोपराही नाही. त्या दिवशी एक थाप मारली असतीत तर काय बिघडलं असतं? पोसाहेब राहिले असते."

हे गलोलीला रबर बांधत होते. वर न बघता म्हणाले, "सहा वर्षं तुझ्या वाटणीचं कौतुक मी खात होतो. पचत नव्हतं."

मी आत गेले आणि चुलीपाशी बसून पोटभर रडले. नवऱ्यानं बायकोला काय काय दिलेलं मी गल्लीत बघितलंय, पण असं काही कुणाला मिळालेलं नाही. त्या माणसाचे उपकार मला या जन्मात फिटायचे नाहीत, आणि फेडायचेही नाहीत.

हे जाऊन आता बराच काळ झाला. फोटो भिंतीवर आहे. कुणी आलं की विचारतं, यात धनुष्यवाले तुंग कुठे आहेत? मी सांगते, मला जागा द्यायला उठलेत.