सातपुड्यापलीकडचे परदेशी

आमच्या संस्थेचे किस्से सांगायला बसलं की चहा दोनदा गरम करावा लागतो. ग्रँट एखाद्या वर्षी येते, एखाद्या वर्षी दांडी मारते. किस्से मात्र दर वर्षी येतात, आणि तेही ऑडिट न होता!

मी तिथे टायपिंगला होते. जळगाव जामोदला बस स्टँडच्या मागे दोन खोल्या, एक कॉम्प्युटर, एक जीप आणि प्रमुख म्हणून आमचे भाऊसाहेब. माणूस वाईट नव्हता हो! फक्त दिल्लीत ज्या विषयाचा पैसा निघे, त्या विषयाचा कळवळा त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी येई.

त्यामुळे पाटी सारखी बदलायची. आधी पाणलोट, मग एड्स, मग बीटी कापूस आणि शेतकरी, आणि त्यानंतर स्थलांतरित. रंगवायला कायम गफूर पेंटर. जुनी अक्षरं नव्या रंगातून डोकावत, त्यामुळे 'स्थलांतरित'च्या पोटात 'पाणलोट' वाचता येई. चौथ्यांदा बोलावलं तेव्हा गफूरनं शिडी लावली, पाटीकडे पाहिलं अन् म्हणाला, "भाऊ, यंदा खडूनंच लिहून देऊ का? पुसाले सोपं जाईन."

*

ही स्थलांतरितांची ग्रँट मुळात होती परदेशातून जीव मुठीत धरून पळून आलेल्या, आसरा मागणाऱ्या लोकांसाठी. त्यांच्यात काम करणाऱ्या संस्थांना ती मिळायची. आता आमच्या तालुक्यात परदेशी आणायचे कुठून?

भाऊसाहेब डगमगले नाहीत. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास सातपुडा उतरून मध्य प्रदेशातली आदिवासी कुटुंबं आमच्याकडे कापूस वेचायला येतात. "डोंगरापलीकडून येतात ना? मग परकेच!" असं म्हणून त्यांनी मला प्रस्ताव सांगायला सुरुवात केली. सातपुड्याचा घाट झाला 'सीमा', आणि वेचणाऱ्या बाया झाल्या 'आश्रयार्थी'. मी मुकाट्यानं टाइप केलं. पगार मलाही हवा होता.

आठवड्याभरात ग्रँट देणाऱ्या ऑफिसातून दिल्लीच्या मॅडमचा फोन आला. मूळच्या पुण्याच्या, त्यामुळे मराठी शुद्ध. "सीमेवर तणाव असतो का?"

"असतो ना मॅडम!" भाऊसाहेब म्हणाले. "घाटात म्हशी आडव्या आल्या की कोणीच माघार घेत नाही!"

ग्रँट मंजूर झाली.

*

मंजुरीबरोबर फॉर्मचा गठ्ठा आला. तो कुठल्या तरी युद्धाजवळच्या छावणीसाठी बनवलेला, आमच्यासाठी फक्त मराठीत केलेला. 'गाव सोडण्याचे कारण' यापुढे सहा छापील कारणं: युद्ध, धार्मिक छळ, राजकीय छळ, वंशभेद, पूर, भूकंप. आणि खाली कोपऱ्यात एक बारकी चौकट, 'इतर'.

आमचा फील्डवर्कर प्रवीण आणि मी वानखडेकाकांच्या वावरात गेलो. तिथे सजनीबाई वेचत होती. दर साली येऊन येऊन ती आमच्यापेक्षा चांगलं वऱ्हाडी बोलायची.

"बाई, तुमच्याकडे युद्ध झालं का?" प्रवीणनं विचारलं.

"सरपंचाच्या इलेक्शनले झालं होतं. दोघायची डोकी फुटली."

"धर्मापायी कोणी त्रास देते?"

"नाही बा."

"मंग कोणी छळ करते?"

"सासू हाय ना!"

"मंग इथं काऊन आल्या?"

सजनीबाईनं ओटीतला कापूस गाठोड्यात रिकामा केला आणि येड्याकडे पाहावं तसं प्रवीणकडे पाहिलं. "पोटासाठी, भाऊ."

त्या दिवशी ज्यांना ज्यांना विचारलं, त्या सगळ्यांनी हेच सांगितलं. आम्ही सगळे फॉर्म 'इतर'वर खूण करून दिल्लीला पाठवले. मॅडमचं पत्र आलं. मी ते ऑफिसात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं: 'इतर' ही चौकट यापुढे वापरू नये. पोटासाठी हे कारण धरता येत नाही. पोट सगळ्यांनाच असते.

*

वानखडेकाकांची एक गंमत सांगते. बीटी लावलं की फवारा नाही, असं सगळीकडे ऐकू यायचं. आणि काका पाठीला पंप लावून उभे!

"काय काका, अळी तर मेली म्हणे?"

"मेली ना पोरी! पण तिच्या भावकीनं वावर वाटून घेतलं. मावा अलग, तुडतुडे अलग!" मग पंप खाली ठेवत म्हणाले, "त्या कागदावर मायं बी नाव लिहून ठेव. पुढच्या साली मी बी पुण्याले जातो, वॉचमन म्हून. आगाऊ स्थलांतरित!"

आम्ही खूप हसलो. पण त्याच हंगामात, शेजारच्या पट्ट्यात फवारा चालू असताना सजनीबाईची वर्षा-सव्वा वर्षाची पोरगी बांधावर झोळीत निजली होती. वारा फिरला. पोरगी ओकू लागली, डोळे पांढरे केले. सरकारी दवाखान्यात नेली म्हणून वाचली. त्या दिवशी सजनीबाई ज्या आवाजात रडत होती, तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

दवाखान्यातून पोरगी आली ती थेट शमीमखालाच्या कडेवर. खाला कापसाच्या जिनिंग फॅक्टरीमागे राहायची. "आता एक बी लेकरू वावरात नाही जाऊ देणार," असं म्हणून तिनं टिनाच्या शेडमध्ये पाळणाघर मांडलं, आणि भाऊसाहेबांना दम देऊन त्यासाठी ग्रँटमधून तांदूळ-डाळ मिळवली. त्या सगळ्या ग्रँटमधून खरं असं एवढंच एक काम झालं.

*

दिल्लीला तेही सरळ चालू द्यायचं नव्हतं. नियम आला: फॉर्म पूर्ण भरल्याशिवाय आणि अंगठा घेतल्याशिवाय खिचडीचं ताट कोणालाही देऊ नये. अपवाद नाही!

खालानं रांगत्या पोराचा अंगठा घेतला, तर त्यानं तो तसाच तोंडात घातला. संध्याकाळी आई येऊन पाहते तो लेकरू ओठापासून कानापर्यंत जांभळं! तिनं किंकाळीच फोडली.

"काही नाही झालं वं माय!" खाला म्हणाली. "ग्रँट लागली त्याले. धुतली का निघून जाईन."

राहिला कारणाचा रकाना. 'इतर' तर बंद; मॅडमचं ते पत्र मी खालालाही वाचून दाखवलं होतं. खालानं सहाही कारणं वाचली आणि सगळ्यांना सरसकट भूकंप लावून दिला. "छळाचं खोटं लिवलं तं कोणाचं तरी नाव येते," ती मला म्हणाली. "भूकंपाले नाव नसते."

*

एवढा भूकंप पाहून दिल्ली हादरली. मॅडम स्वतः आल्या, सोबत दोन साहेब. भाऊसाहेबांनी पोहे ठेवले होते. "आम्ही संस्थेचं खात नाही," म्हणाल्या, आणि तडक पाळणाघरात.

दहा मिनिटांत निकाल! "भूकंप वगैरे काही नाही. ही माणसं निकषात बसत नाहीत. या महिनाअखेर हे बंद करावं लागेल."

वेचणी अर्धी बाकी होती. सजनीबाईची पोरगी खालाच्या कडेवर. खाला म्हणाली, "मंग ह्या लेकरायले फिरून बांधावर नेऊन ठेवू?"

"माझा नाइलाज आहे हो. नियम तो नियम."

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप आला. पण मी टायपिस्ट.

गाडी निघाली आणि नांदुऱ्याच्या रस्त्यावर अडकली. कापसाच्या भावासाठी रास्ता रोको! बैलगाड्या आडव्या, पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. गावही बंद. हॉटेलं बंद, टपऱ्या बंद, केळीवालासुद्धा गायब. ऊन कलल्यावर मॅडम आणि दोघे साहेब धुळीनं माखून पायीच परत आले. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. त्या अवेळी अख्ख्या गावात एकच चूल पेटलेली, शमीमखालाची.

खिचडीचा वास सुटला होता. तिघे पोरांच्या पंगतीत बसले. खालानं ताट वाढलं, वर कांद्याची फोड ठेवली, आणि ते मॅडमच्या हाताला पोचणार नाही इतक्या अंतरावर ठेवलं. मग फॉर्म आणि शाईचं पॅड घेऊन समोर बसली.

"नाव?"

मॅडमला थट्टा वाटली. त्या हसल्या. खाला हसली नाही. मॅडमनी नाव सांगितलं.

"कुठून आल्या?"

"दिल्लीहून."

"गाव सोडाचं कारण?"

मॅडमनी ताटाकडे पाहिलं. शेजारी सजनीबाईची पोरगी दोन्ही हातांनी खिचडी खात होती. मॅडमचा आवाज एकदम लहान झाला. "अहो खाला... पोटासाठी."

खालानं पेन कागदावरून उचललं.

"पोटासाठी नाही चालत, मॅडम. पोट सगळ्यायलेच असते. ह्या सहातलं सांगा."