मोठ्यांची मदत: शून्य

दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो. कुवेतच्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात मी इन्स्पेक्शन इंजिनिअर. पाइप असो, टाकी असो, तिला दीडपट दाब देऊन बघितल्याशिवाय मी "ठीक आहे" म्हणत नाही. हा स्वभाव कारखान्याच्या गेटवर ठेवून घरी यावं, असं बायको लग्नापासून सांगत आलीये. पण गेटवर ओळखपत्र तपासतात, स्वभाव कोण तपासतो?

आमच्या मराठी मंडळींचा हिवाळी मेळा अबू हलीफाला, घराजवळच्या एका शाळेच्या मैदानावर भरतो. त्यात मुलांचा एक विभाग असतो: अर्ध्या बाजूला पतंग, अर्ध्या बाजूला रॉकेटं. रॉकेटं पाण्याची. कोल्ड्रिंकच्या बाटलीत थोडं पाणी घालायचं, सायकलच्या पंपाने हवा भरायची, बूच निसटलं की बाटली आकाशात. नियम दोनच. मुलांनी सगळं स्वतः करायचं आणि पालकांनी दोरीच्या बाहेर उभं राहायचं. सोबत एक वही द्यायची: चित्र, वजन, चाचण्या आणि शेवटी एक रकाना, "मोठ्यांची मदत". मदत घेतली तर लिहायची आणि तेवढे गुण कमी; लपवली तर स्पर्धेबाहेर.

माझी बारा वर्षांची मुलगी तीन आठवडे त्या बाटलीच्या मागे होती. जुनी फाइल कापून तिने पंख केले, चिकटपट्टीने बसवले, निळे-नारिंगी पट्टे रंगवले आणि मधोमध एक उंट काढला. उंट इतका झकास की तो आपल्याकडे बघून रवंथ करतोय असं वाटायचं. मी सुचवलं, "पंखांना एपॉक्सी लाव. दगडासारखे बसतील."

"बाबा, रॉकेट आहे. दगड नाही. अँड प्लीज, डोन्ट टच."

शेवटच्या रकान्यात तिने जाड अक्षरात "शून्य" लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. आमच्या घरात इतक्या अभिमानाने शून्य कुणीच मिळवलं नव्हतं.

मेळ्याच्या आदल्या दिवशी मला सुट्टी होती. मुलगी शाळेत, आणि जाब्रियाच्या हॉस्पिटलात नर्स असलेली बायको ड्यूटीवर. मी घरात एकटा, समोर कपाटावर रॉकेट. मनात आलं, उद्या एवढ्या लोकांत हे चार बारच्या दाबावर उडणार आणि याची दाबचाचणी झालेलीच नाही! असं भांडं मी कारखान्याच्या आवारातसुद्धा आणू दिलं नसतं.

नियमाने बाटली पाण्याने काठोकाठ भरायची. फुटलीच तर आवाज न करता नुसती चिरते. पण काठोकाठ भरायला वेळ लागतो, आणि बघायला कोण होतं? मी अर्धीच भरली. बूच निसटू नये म्हणून त्यावर पाइपची क्लिप आवळली. बाटली बाथटबमध्ये ठेवली, दाराआड उभा राहिलो आणि पंप मारायला लागलो. पंपाच्या दाबमापकाचा, गेजचा काटा चारवर आला. मी मारतोय, काटा चारवर. आणखी मारतोय, काटा चारवरच. "पंप गळतोय वाटतं," असं म्हणून मी दुप्पट जोराने मारायला लागलो.

पंप गळत नव्हता, काटा अडकला होता. लोकांना गेज वेळेवर तपासून घ्या म्हणून वर्षातून दोनदा व्याख्यान देणारा माणूस हाच.

आवाज असा झाला की इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, तीन मजले चढून दारात हजर. "साब, सिलिंडर फटा क्या?"

"नहीं नहीं, बच्ची का खिलौना."

त्याने माझे ओले केस बघितले, मागे कुठे बच्ची दिसते का बघितलं आणि खाली गेला.

बाटली उभी चिरली होती आणि चीर बरोबर उंटाच्या मानेतून गेली होती. तेव्हाच फोन उचलून कबूल करायला हवं होतं. पण शाळेची बस यायला साडेतीन तास होते, आणि साडेतीन तासांत मी अख्खा बॉयलर दुरुस्त करून घेतलाय. खालच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याच्या दुकानातून, तशीच बाटली आणली. कोल्ड्रिंक सिंकमध्ये ओतलं. पंख कापले आणि कुणी अडवायला नसल्यामुळे एपॉक्सीने बसवले, वर आणखी एक थर दिला. पट्टे जमले. उंट काही जमेना. तीनदा पुसून चौथ्यांदा काढला, तेव्हा तो निदान चतुष्पाद दिसायला लागला. दोन दिवस चारा न मिळालेल्या बकरीसारखा. रॉकेट कापडी पिशवीत घालून मी मुलीच्या टेबलावर ठेवलं. ती आली, पिशवी बघून म्हणाली, "ओ, यू पॅक्ड इट! थँक्स बाबा." त्या थँक्सने मला दुपारचा भात गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानावर छान वारा होता. पतंगांच्या बाजूला दोरीचा नियम केव्हाच कोलमडला होता. नाशिककडचे दोन बाबा दोऱ्याची आसारी, म्हणजे फिरकी, धरून एकमेकांना "ढील दे, ढील दे!" ओरडत होते आणि त्यांची मुलं बाजूला भेळ खात होती. रॉकेटांची बाजू मात्र कडक. परीक्षक मराठवाड्यातल्या एक लॅब टेक्निशियन बाई. रोज रक्त तपासणाऱ्या बाईंना कोण फसवणार? त्यांनी रॉकेट पिशवीतून काढून वजनकाट्यावर ठेवलं आणि वही उघडली.

"वहीत एकशे चार ग्रॅम हाय. इथं एकशे एकाहत्तर भरायलंय. रातोरात जेवली का गं बाटली?"

मुलीने रॉकेट हातात घेतलं. पट्टे बघितले, पंख बघितले. मग उंटाकडे बघत राहिली. मग दोरीबाहेर माझ्याकडे.

माझ्या शेजारून बायको हळूच म्हणाली, "काय केलंस तू?"

"हे शून्य लिहिलंयस," बाई म्हणाल्या. "खरं सांग, बाबांनी केलंय ना? तसं असंल तर लायनीतून बाजूला व्हावं लागंल, बाळ."

हो म्हणाली तर बाहेर, नाही म्हणाली तर खोटं. ओठ दाताखाली धरून ती अंगठ्याने उंट घासत राहिली. माझ्याकडे बोट दाखवून "मला माहीतच नव्हतं" म्हणाली असती तर सुटली असती, पण तेही म्हणेना. तेवढं मात्र मला बघवलं नाही. मी दोरीखालून आत शिरलो. म्हणजे अर्धा शिरलो. दोरी कमरेच्या पट्ट्यात अडकली आणि उरलेला कबुलीजबाब मी वाकूनच दिला. टब, क्लिप, अडकलेला काटा, बकरी, सगळं. दोरीबाहेर माझ्याच कारखान्यातले तिघे होते. "गेज चेक केला नाहीस? तू?" एक जण ओरडला. हशा झाला तो पतंगवाल्यांपर्यंत गेला.

बाई हसल्या नाहीत. "हे उडवता यायचं नाही," त्या म्हणाल्या. "पण दिवस मावळता मगरिबची अजान होईपर्यंत मैदान आपलंच हाय. नवीन करून आणलं तर बघते. आणि तुम्ही," हे मला, "दोरीभायेर."

पाऊण तास होता. मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, एक बॉटल. एम्प्टी."

खाण्याच्या स्टॉलवर रिकामी एकही नव्हती. मी भरलेली घेतली आणि ओतायला वाकलो, तर बाई तिकडून ओरडल्या, "भुईवर सांडायचं नाही हां! मुंग्या होतात." बायकोने साखर सोडलीय. कारखान्यातल्या तिघांनी हाताच्या घड्या घातल्या. मग मी प्यायलो. सव्वा लिटर, उभ्याने, तिघांच्या टाळ्यांच्या तालावर. डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून फेस.

तिने बाटली घेतली. वहीचं प्लास्टिकचं कव्हर काढून त्याचे पंख कापले, पतंगवाल्यांकडून चिकटपट्टी मागून आणली. रंग नाही, उंट नाही. पंख कापताना एकदा कात्री तिरपी गेली, आणि मी तोंड उघडलं.

"बाबा. दोरी."

मी तोंड मिटलं. काट्यावर सत्त्याण्णव ग्रॅम. पंपाचा काटा चारपर्यंत नीट चढला. मी दोरीबाहेरून मान लांब करून खात्री केली. बूच निसटलं. बाटली दिव्याच्या खांबापेक्षा वर गेली, वाऱ्यात वळली आणि नाशिककरांच्या अंगावर पाऊस पाडत पतंगांच्या बाजूला उतरली. मी ओरडलो, आणि सव्वा लिटरचा एक मोठा ढेकर त्या ओरडण्यात मिसळला. मुलीने पहिल्यांदा माझ्याकडे बघून दात दाखवले.

बक्षीस दुसऱ्याच मुलाला मिळालं. निघताना बाईंनी वही परत दिली तेव्हा मी शेवटचं पान बघितलं. "शून्य" खोडलं होतं. दोन रेघांच्या खाली, आपल्या वाकड्यातिकड्या मराठीत मुलीने लिहिलं होतं: "बाबांनी एक बाटली फोडली आणि एक बाटली प्यायली."