विहिरीवरची बाई

कॉलेजात असताना वाळवंटातले साहसपट मी शिट्ट्या मारत पाहायचो. उंटावरचा गोरा नायक तलवार उपसायचा आणि अख्खी टोळी त्याच्यामागे धावायची. पुढे चळवळीत आलो, दोन-चार जाड पुस्तकं वाचली आणि तोच नायक मला साम्राज्यशाहीचा दलाल दिसू लागला. ही अक्कल जगाला वाटून टाकायची म्हणून गेल्या उन्हाळ्यात कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत मी असाच एक सिनेमा लावला. आधी अर्धा तास भाषण ठोकलं. बायका माना डोलावत विड्या वळत होत्या.

सिनेमात एक विहीर आली, तशी पुढच्या रांगेतली एक मावशी ओरडली, "ओ दादा, थांबवा की! जरा मागं घ्या."

मी मागं घेतलं. नायकाच्या पाठीमागे एक बाई निमूट पाणी शेंदत होती.

"एवढ्या उंटास्नी ही एकटीच पाणी पाजती व्हय?" मावशी म्हणाली. "आन् आमच्या नळाला आठ दिस झालं पाणी न्हाय, त्याचं भाषण कवा?"

बायका खो-खो हसल्या. माझे कान तापले. सिनेमा तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही रिकाम्या घागरी घेऊन पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ठाण मांडलं. सगळ्यात मोठी घागर मावशीनं माझ्याच डोक्यावर दिली होती. तिसऱ्या दिवशी नळ सुटले.

संघटनेतले जुने सोबती म्हणाले, "क्रांती सोडून तू नळदुरुस्तीला लागलास."

खरं तर त्यांचं बरोबर होतं. त्या आठवड्यात साम्राज्यशाहीविरुद्ध मी अवाक्षरही काढलं नव्हतं आणि तरी मला झकास झोप लागत होती.