मालूनं नाव सांगितलं

दसऱ्यानंतर चार दिवसांनी सकाळी खडकीहून फोन आला. माझी धाकटी नणंद मालू झोपेतच गेली होती. हे पेपर वाचत होते. मी सांगितलं, तेव्हा पेपराची घडी घालत म्हणाले, "एकटीच होती का?" सख्ख्या बहिणीबद्दल इतक्या वर्षांत ह्यांनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न.

मालू शाळेत गणित शिकवायची. लग्न केलं नाही. मी नवी नवरी असताना सासरी माझ्या बाजूनं बोलणारी ती एकटीच, आणि भावावर तर तिचा अतोनात जीव. म्हणूनच पुढं जे झालं ते मला अजून उलगडत नाही... लोणी काळभोरला एका लग्नासाठी दोघं मित्राची फियाट घेऊन गेली होती. माझे दिवस भरत आलेले, म्हणून मी घरी. परतताना ह्यांच्या हातून एक सायकलवाला उडाला. मालू उतरून त्याच्याकडे धावली, आणि वळून पाहते तो गाडी निघालेली. तिनंच एका टेम्पोला हात करून त्या माणसाला दवाखान्यात नेलं.

घरी आली तेव्हा साडीवर रक्त होतं. सासरे म्हणाले, "तू रस्त्यानं चालली होतीस, गाडी कुणाची ते दिसलं नाही. एवढंच बोलायचं." ती ह्यांच्यापुढं जाऊन बसली. "दादा, तू चल. मी येते बरोबर." हे मान खाली घालून बसून राहिले. ती परत दवाखान्यात गेली. पहाटे तो माणूस गेला, आणि मालूनं पोलिसांना भावाचं नाव सांगितलं. कोर्टातही तेच सांगितलं. ह्यांची नोकरी गेली, शिक्षा झाली.

हे आत असताना शाळा सुटली की मालू माझ्याकडे यायची, माझ्या मुलाला खेळवायची. मी कधी तिच्या तोंडावर दार लावलं, कधी तिच्याच खांद्यावर रडले. एकदा न राहवून विचारलं, "नाव सांगून तो माणूस परत आला का गं?"

"नाही आला."

"मग?"

"त्याची बायको विचारत होती, वहिनी. तिच्याकडे बघून खोटं बोलता आलं नाही." पुढं म्हणाली, "तुझ्याकडे बघत असते, तर कदाचित बोलले असते."

ह्या उत्तराचं काय करायचं, ते मला आजही कळत नाही. ती चुकली म्हणावं, तर त्या बाईचा विचार मनात येतो. बरोबर म्हणावं, तर बापाला न ओळखणारा माझा दोन वर्षांचा मुलगा आठवतो.

हे सुटून आले, पण तिच्याशी बोलले नाहीत. तरी दर भाऊबीजेला ती यायची, पाट मांडायची, आणि हे मुकाट्यानं ओवाळून घ्यायचे. यंदा भाऊबीजेच्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले, तर हे पाट मांडून बसलेले.

"अहो, यंदा सण नाही आपल्याला."

"माहितीये मला." पाटावरून न उठताच म्हणाले, "गाडी काढली ना, तेव्हा ती मला आरशात दिसत होती. त्याचं डोकं मांडीवर घेतलेलं... हाक मारत होती."

"काय म्हणत होती?"

"दादा, थांब."

ह्यांच्या आवाजात राग होता की आणखी काही, मला ओळखता आलं नाही. पुढं काही बोलतील म्हणून मी उभी राहिले. मग तिथंच, जमिनीवर, त्यांच्याशेजारी बसले.