फ्लोटवरचा डाख

धोंडीराम खरातची एक खोड होती. दुसऱ्यानं केलेलं काम तो तीनतीनदा तपासायचा आणि स्वतःचं एकदाही नाही. लष्कराच्या वर्कशॉपात बावीस वर्षं गाड्या दुरुस्त केलेल्या हवालदाराला एवढा तोरा शोभतो, असं त्याला वाटे, आणि खोटं कशाला बोला, त्याच्याकडे गाड्या आणणाऱ्यांनाही तसंच वाटे.

निवृत्त झाल्यावर तो माणदेशातल्या गावी परतला नाही. नोएडात दोन खोल्या घेऊन राहिला. ते दिवस नव्या गाड्यांचे होते. दर महिन्याला रस्त्यावर नवं मॉडेल उतरायचं आणि ज्याला त्याला मारुती हवी असायची. पण दिल्लीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या काही मराठी घरांत एखादी फियाट, एखादी हेरल्ड अजून तग धरून होती. त्या घरांत धोंडीरामला चहा आत बोलावून मिळायचा. स्थानिक मिस्त्र्याला तो गेटाबाहेर मिळायचा. हा फरक धोंडीरामच्या लक्षात आला होता आणि त्याला तो मनापासून आवडायचा.

दिनकर कर्णिकांची हेरल्ड त्यातलीच. आकाशी रंगाची, एकोणीसशे पासष्टची. कर्णिकसाहेब केंद्राच्या मंत्रालयातून निवृत्त होऊन नोएडात स्वतःच्या घरात आले तेव्हा गाडीही आली आणि ती चालवायला राजवीर आला. हा राजवीर जवळच्या बरौला गावचा. कर्णिकांचं घर उभं होतं त्या सेक्टरात कधीकाळी त्याच्या वडिलांचा गहू व्हायचा. हे तो फार शांतपणे सांगायचा, त्यामुळे ऐकणाऱ्यालाच चुळबुळ व्हायची.

शहाण्णव सालच्या मार्चमध्ये हेरल्डच्या कार्बोरेटरमधला फ्लोट गळका निघाला. फ्लोट म्हणजे पितळेचा पोकळ डबा. घरच्या पाण्याच्या टाकीतला गोळा जे काम करतो तेच हा करतो. पेट्रोल भरलं की वर उचलला जातो आणि सुई दाबून पेट्रोल बंद करतो. नवा फ्लोट काश्मिरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारात शोधून मिळाला असता. धोंडीराम म्हणाला, फौजेत आम्ही असले फ्लोट जंगलात बसून जोडलेत, आणि त्यानं भोकावर डाख देऊन तो बसवला. वीणाताईंनी, म्हणजे कर्णिकांच्या पत्नीनं, त्या दिवशी त्याला पुरणपोळी वाढली.

त्यानंतर हेरल्ड हळूहळू जास्त पेट्रोल पिऊ लागली. लिटरला अकरा किलोमीटर देणारी गाडी मे महिन्यात सातावर आली. कर्णिकांनी धोंडीरामला बोलावलं. त्यानं प्लग काढले, ते काजळीनं काळे झाले होते. पंप पाहिला, चोकची तार पाहिली. फ्लोट मात्र उघडला नाही. आपल्याच हातचं काम दोन महिन्यांत काय म्हणून उघडायचं? मग हात पुसत, गाडीपाशी उभ्या असलेल्या राजवीरकडे पाठ करून, तो कर्णिकांना बाजूला घेऊन म्हणाला, "गाडीत काही नाही साहेब. चोक ओढून चालवतोय, म्हणून प्लग काळे. बाकीचं पेट्रोल कुठं जातं ते मी काय सांगू? फौजेतसुद्धा पेट्रोल कमी भरलं की आम्ही आधी ड्रायव्हरकडे बघायचो."

कर्णिकांनी राजवीरला त्याच संध्याकाळी काढलं. गेटासमोर, शेजारच्या घरांचे दोन ड्रायव्हर ऐकत असताना, त्याला चोर म्हटलं. राजवीरनं किल्ली ठेवली आणि तो चालत गेला. त्यानंतर त्या सेक्टरात त्याला कुणी गाडी दिली नाही.

जुलैत कर्णिकांनी पुन्हा निरोप धाडला. गाडी आता ते स्वतः चालवत होते, तरी ती सातावरच होती, आणि आता इंजिन बंद केल्यावर खाली फरशीवर थेंब पडत होते. यावेळी धोंडीरामला फ्लोट उघडणं भाग होतं. त्यानं तो तळहातावर घेतला आणि वजनावरूनच त्याला कळलं. भोक मोहरीएवढं होतं आणि त्यावर त्यानं दिलेला डाख हरभऱ्याएवढा होता. जड झालेला फ्लोट वर यायला उशीर करत होता, सुई बंद होत नव्हती आणि पेट्रोल भरून ओसंडत होतं. मार्चपासून. सगळा दोष त्याच्याच हातातला होता. त्याचे कान तापले. शिकाऊ पोरानं असला डाख दिला असता तर यानं त्याच्या कानाखाली आवाज काढला असता.

"काय निघालं?" कर्णिकांनी विचारलं.

"सुई झिजलीय," धोंडीराम म्हणाला.

नवा फ्लोट आणून त्यानं बसवला आणि जुना खिशात घालून घरी नेला. गाडी सुरळीत झाली. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कर्णिकांनी चारचौघांत त्याचं कौतुक केलं, धोंडीरामसारखा हात दिल्लीत नाही म्हणाले, आणि धोंडीराम मान खाली घालून उभा राहिला. लोकांना तो विनय वाटला. त्याला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं होतं.

घरी बायकोनं, शेवंतानं, विचारलं, जेवण का जात नाही? त्यानं तिला फ्लोट दाखवला आणि सगळं सांगून टाकलं. त्याला वाटलं होतं तसा तिचा संताप झाला नाही. तिनं एवढंच विचारलं, की मग त्या माणसाचं काय?

दुसऱ्या सकाळी तो कर्णिकांकडे गेला आणि उभ्यानंच सांगितलं. कर्णिकांनी दार लोटून घेतलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "अहो, तुम्ही आपले माणूस. झालं ते झालं. नवा ड्रायव्हर एक तारखेपासून येतोय. आता हे उकरून काय मिळणार, बोला."

धोंडीरामला क्षणभर हलकं वाटलं. सुटलो, असंच वाटलं. आणि त्या सुटकेचीच त्याला मग शिसारी आली.

"आपला माणूस म्हणूनच तुम्ही माझं ऐकलंत साहेब," तो म्हणाला. "त्याला तुम्ही एक शब्दही विचारला नाहीत, आणि मी तुम्हाला विचारू दिला नाही. त्याला कागद लिहून द्या. चूक मेकॅनिकची होती, असं लिहा."

कर्णिक खिडकीबाहेर बघू लागले. वीणाताईंनी लेटरहेडचा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि राजवीरला वाचता यावं म्हणून हिंदीत लिहा म्हणाल्या. त्यांनी लिहिलं, सही केली. स्वतः बरौल्याला यायला मात्र तयार झाले नाहीत.

राजवीर अंगणात खाटेवर बसला होता. त्यानं धोंडीरामला बसायला सांगितलं, पाणी दिलं. धोंडीरामनं खिशातून जुना फ्लोट काढून खाटेवर ठेवला. 

"पता है," राजवीर म्हणाला. "इंजन बंद करता था तो टपकने की आवाज़ आती थी. मैं रोज़ पाने से ठोककर सुई बैठाता था."

"तो बोला क्यों नहीं?"

"काम आपका था. आपके काम में मैं गलती निकालता? सोचा, एक दिन आप खुद खोलोगे."

मे महिन्यातली ती दुपार धोंडीरामसमोर उभी राहिली. हा माणूस बाजूलाच उभा होता, आपलं नाव राखत होता, आणि आपण त्याच्याकडे पाठ करून त्याला चोर ठरवत होतो. त्याला राजवीरच्या डोळ्यांत बघवेना. त्यानं कागद पुढे केला.

राजवीरनं तो सावकाश वाचला. पुन्हा एकदा वाचला. मग घडी न घालता परत दिला.

"इसमें मेरा नाम दो बार है," तो म्हणाला. "और आपका? मेकॅनिक लिखा है. मेकॅनिक तो दिल्ली में हज़ार हैं."

धोंडीरामनं पेन मागितलं. कागद गुडघ्यावर ठेवून कर्णिकांच्या सहीखाली त्यानं, फौजेत लिहायची सवय होती तसा, आधी आपला नंबर लिहिला, मग हुद्दा, मग पूर्ण नाव. बावीस वर्षांत ही ओळ त्यानं हजारदा लिहिली होती, पगाराच्या फॉर्मवर, रजेच्या अर्जावर, बक्षिसाच्या पावतीवर. हात कधी थांबला नव्हता. आज हुद्द्यापाशी तो थांबला, आणि राजवीर शेजारी बसून त्याचं लिहून होईपर्यंत बघत राहिला.