खोडलेला रविवार

माझ्या भावाचा मला राग येतो. हे मी त्याच्या तोंडावर कितीदा तरी सांगितलंय, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही.

देवदत्त माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. डार्मश्टाटमधल्या एका छोट्या कंपनीत एकोणीस वर्षं तो एकच काम करतोय. जर्मनीत इंटरनेटवरून जी स्पॅनिश गाणी लोक विकत घेतात, त्यातल्या पहिल्या पन्नासांची यादी दर मंगळवारी निघते. ती यादी दादा लावतो. नुसतं ऐकलेलं गाणं त्यात धरत नाहीत, पैसे मोजून घेतलेलंच धरतात. आता आजकाल गाणं विकत घेतं कोण? शंभर-सव्वाशे प्रती खपल्या तरी गाणं वरच्या विसात येतं. त्यामुळे लबाडीही सोपी. कुठल्या तरी गायकाचा मेव्हणा एकटाच चाळीस प्रती घेऊन मोकळा होतो. अशी विक्री हुडकायची आणि खोडायची, हे दादाचं खरं काम. ते तो इतक्या आनंदाने करतो, की बघवत नाही.

त्याला स्पॅनिश येत नाही. यादीतलं एकही गाणं तो ऐकत नाही. "ऐकलं की माणूस एका बाजूला झुकतो," असं तो चारचौघांत अभिमानाने सांगतो. घरात कोणी गुणगुणलं तरी कपाळाला आठ्या.

हे त्याने उचललं आमच्या वडिलांकडून. ते वाईला हेडमास्तर होते. चौथीत मी वर्गात पहिली येत होते, तर त्यांनी माझे सहा मार्क कापून मला दुसरी केलं. का, तर हेडमास्तरांची मुलगी म्हणून पहिली आली असं कोणी म्हणू नये. मी दोन दिवस जेवले नाही. सोळा वर्षांचा दादा मात्र म्हणाला, "अण्णांनी बरोबर केलं." तेव्हापासून मी त्याच्याशी भांडतेय.

त्याची मुलगी स्पृहा हायडेलबर्गला शिकते. सहा महिने स्पेनमध्ये राहून आली आणि दोन मैत्रिणींबरोबर स्पॅनिश गाणी करायला लागली. गेल्या वर्षी तिने पहिलं गाणं विक्रीला ठेवलं, स्वतःच्या नावाने. जर्मनीत उन्हाळ्यात स्पॅनिश संगीताचा मेळा भरतो. मेच्या शेवटच्या यादीत पहिल्या विसात जो असेल, त्याला मेळ्यात चाळीस मिनिटं गायला मिळतात. पोरीला ती चाळीस मिनिटं हवी होती. बाकी काही नको होतं.

अश्लेषावहिनीने नियम नीट वाचला. एका माणसाची एकच प्रत धरतात, हे बघून तिने मेच्या त्या शेवटच्या यादीच्या आदल्या रविवारी संध्याकाळी जर्मनीतल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, की आपापल्या कार्डावरून प्रत्येकी एकच घ्या, जास्त नको. लोकांनी घेतली. वोल्फ्सबुर्गपासून म्युनिकपर्यंत. मीही घेतली. यात लबाडी कुठे आहे, कोणी मला दाखवावं.

मंगळवारी यादी आली. स्पृहा एकतिसावी.

मी जवळच राहते, तडक त्यांच्या घरी गेले. दादा शांतपणे जेवत होता.

"एकतिसावी कशी?" मी विचारलं.

"रविवारी साडेपाचला अश्लेषाचा मेसेज. सहा ते नऊमध्ये एकशे अठ्ठावीस प्रती. सगळी ओळखीची खरेदी. खोडली."

"सगळी? त्यात अनोळखी कोणी नसेल?"

"असेलही. वेगळं कसं काढणार? तो अख्खा रविवारच काढला."

"नियमात कुठे लिहिलंय असं?"

"नियमात नाही. साहेब पण म्हणाला, राहू दे. पण उद्या कोणी म्हणालं असतं, की यादीवाल्याची मुलगी म्हणून वर चढली."

"कोण म्हणालं?"

"म्हणालं नाही. म्हणालं असतं."

जर्मन साहेब राहू दे म्हणतोय आणि आमचा दादा त्याच्यापेक्षा कडक. वहिनीने वाढायला दिलेलं भाताचं पातेलं माझ्या हातात होतं. ते मी टेबलावर आपटलं आणि त्याला नाही नाही ते बोलले. वहिनी म्हणाली, "तुम्ही निदान ते गाणं एकदा ऐकायचं तरी होतं." तो म्हणाला, "ऐकून काय झालं असतं?" स्पृहा तिथेच बसली होती. ती रडली नाही, ओरडली नाही. पुढचे आठ महिने मात्र घरी फिरकली नाही.

या वर्षी तिघींनी दुसरं गाणं काढलं. कोणाचंच नाव न लावता, एका नव्याच नावाने. आईला सांगितलं नाही, मंडळाला कळू दिलं नाही. सामान न्यायला माझी गाडी हवी होती म्हणून फक्त मला माहीत. विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमांत, मागच्या अंगणांत, कुठे कुठे गायल्या. ऐकणारे घरी जाऊन गाणं विकत घेत. आज वीस, उद्या पंचवीस.

मे महिन्याचा शेवटचा मंगळवार. वहिनीचा वाढदिवस म्हणून स्पृहा आली होती, मीही होते. दादा खुशीत होता.

"एक नवीन गाणं नवव्या नंबरावर आलंय," पोळी मोडत तो म्हणाला. "काय चोख विक्री! रोज थोडी थोडी, वेगवेगळ्या गावांतून. गेनाऊ, अगदी अशीच असावी. एक ओळ खोडावी लागली नाही."

"कोणाचं आहे?" मी मुद्दाम विचारलं.

"असेल कोणाचं तरी. मला काय करायचंय?"

स्पृहा ताटात बघत म्हणाली, "श्योन, पापा." छान, एवढंच.

मला राहवेना. त्याच्या चेहऱ्यावरचं ते समाधान मला उतरवायचं होतं. पोटच्या पोरीचा आवाज नऊ नंबरवर बसवलास आणि तुला पत्ता नाही, हे त्याला ऐकवायचं होतं. "दादा, ते गाणं..." मी सुरुवात केली, तशी टेबलाखाली स्पृहाने माझा पाय दाबला. मग ती ताटं उचलून उठली आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"सांगू नकोस, आत्या," ती हळू आवाजात जर्मनमध्ये म्हणाली. "मेळ्याला नावं शुक्रवारी जातात."

"मग शुक्रवारनंतर सांगते. तोंड बघायचंय मला त्याचं."

"नंतरही नको. कधीच नको."

"का? लाजू दे की त्याला."

"तो लाजणार नाही. मागची यादी उघडेल आणि खोडेल."

तो बाप आहे तुझा, असं काही करणार नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. मला ते म्हणता आलं नाही.