चेहऱ्यावर तळहात

“सगळ्या बायका सारख्याच दिसतात,” आमच्या मागे कुणीतरी इंग्रजीत पुटपुटलं. म्युझियममध्ये जपानी लाकडी ठशांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. भूलवाल्या काकूंनी वळूनही पाहिलं नाही. काचेपासून वीतभर अंतरावर तळहात धरून त्यांनी चित्रातल्या बाईचा चेहरा माझ्यापुरता झाकला. “आता बघ.”

चेहरा गेला आणि बाई दिसली. एका हातात पत्र, दुसऱ्या मुठीत बाहीचं टोक चुरगळलेलं. पायाची बोटं आत वळलेली.

काकू इथे लंडनच्या एका हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होत्या. रिटायर झाल्यावर पिनर या उपनगरातल्या आपल्या घरातली वरची खोली त्यांनी मला भाड्याने दिली. “ऑपरेशनआधी प्रत्येक पेशंट म्हणायचा, ‘आय अ‍ॅम फाइन, डॉक्टर,’” त्या सांगायच्या, “आणि चादर गच्च धरलेली! मी मुठी बघायचे आणि जरा वेळ शेजारी बसायचे.”

त्या चित्रांतले कपडेही त्यांना वाचता यायचे. कमरपट्ट्याची मोठी गाठ पुढे बांधलेल्या एकीला मी नवरी म्हटलं, तर म्हणाल्या, “नवरी कसली! गणिका आहे ती. पण कापड बघ, नवरीलाही मिळणार नाही असं.” मग दुसरीकडे बोट दाखवून, “लांब बाह्या म्हणजे लग्न व्हायचंय. तुझ्याही असतात की!” मी कार्डिगनच्या बाह्या बोटांवर ओढून उभी होते. पटकन सोडल्या. दोन मिनिटांनी परत ओढल्या, तेव्हा मात्र त्या सरकून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

गेल्या मार्चमध्ये त्यांचा मुलगा मेडनहेडहून आला तो सगळं ठरवूनच. घर विकायचं, आईला आपल्याकडे न्यायचं. मंगळवारी एजंट फोटो काढायला येणार होता.

“आई, चालेल ना तुला?”

“आय अ‍ॅम फाइन, राजा,” काकू हसल्या. अगदी नेहमीसारख्या.

“बघ, उगाच काळजी करत होतो,” असं मला म्हणून त्याने फोन उचलला.

मी कप गोळा करत होते. मी बोलले असते तर खोली जाईल म्हणून बोलते असं त्याला वाटलं असतं, आणि ते थोडं खरंही होतं. काकूंच्या मांडीवर शालीचं टोक मुठीत गोळा झालं होतं. टेबलाच्या पलीकडून त्याला ते दिसत नव्हतं.

मी कप खाली ठेवले.

“दादा, काकूंच्या चेहऱ्याकडे नका बघू. इकडे या आणि त्यांचे हात बघा.”